रंगवलेलं आणि फोटोवरून केलेलं अ‍ॅनिमेशनचं बॅकग्राउंड: पात्र वरून चिकटवल्यासारखं का दिसतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन मिनिटांची टूडी फिल्म आहे, पात्रं सपाट रंगाची आणि गडद बाह्यरेषेची. काही बॅकग्राउंड पोस्टर कलरने कागदावर रंगवून स्कॅन केली आहेत, काही फोटोंवर काम करून बनवली आहेत. सुटी पाहिली तर सगळी छान दिसतात. पण पात्र आत ठेवलं की ते वरून चिकटवल्यासारखं वाटतं, पॅन (कॅमेरा आडवा सरकणं) सुरू झाला की चित्र थरथरतं आणि संध्याकाळच्या आकाशात पट्टे पडतात. काम कोणत्या क्रमाने केलं म्हणजे हे टळेल?

पट्ट्यांचा भाग निव्वळ तांत्रिक आहे, त्याचा उपाय शेवटी दिला आहे. बाकीच्या दोन्ही तक्रारींचं मूळ मात्र ब्रश हातात घेण्याच्या आधीच आहे. क्षितिजरेषा कुठे, उजेड कुठून, पात्रासाठी कोणते टोन राखून ठेवायचे आणि कॅमेरा किती हलणार, हे चार निर्णय लेआउटवर, म्हणजे शॉटच्या पहिल्या रेखाटनावर, लिहिलेले नसतील तर रंगकाम कितीही देखणं झालं तरी पात्र त्यात उभं राहत नाही. फोटोच्या बाबतीत जास्तच जपावं लागतं, कारण क्षितिज, उजेड आणि टोन फोटोत आधीच ठरलेले असतात. ते मोडून आपल्या लेआउटच्या मापात बसवणं हेच फोटो-बॅकग्राउंडचं खरं काम. कापून जोडायला तासभर लागतो, मापात बसवायला दिवस.

कॅमेरा किती हलणार, तेवढं चित्र मोठं

फ्रेम १९२० × १०८० ची असेल तर बॅकग्राउंड तेवढ्याच मापाचं करू नका. स्थिर शॉटलाही चारही बाजूंनी ५ ते १० टक्के जादा चित्र ठेवा. दिग्दर्शकाला नंतर फ्रेम थोडी सरकवावीशी वाटतेच, आणि तेव्हा कडेला कोरी पट्टी दिसते.

झूम असेल तर शेवटच्या फ्रेमचं गणित करा. कॅमेरा १५० टक्क्यांपर्यंत आत जाणार असेल तर मूळ चित्र किमान २८८० × १६२० हवं. १९२० चं चित्र ताणलं तर शॉटच्या शेवटी बॅकग्राउंड मऊ पडतं, पात्राची रेषा मात्र धारदार राहते. चिकटवल्यासारखं दिसण्याचं हे एक सरळ कारण आहे आणि पुष्कळदा कुणाच्या लक्षातच येत नाही.

पॅनसाठी जुना ठोकताळा असा: २४ फ्रेमच्या वेगात एखादी वस्तू पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला साधारण ७ सेकंद लागावेत. म्हणजे १६८ फ्रेममध्ये १९२० पिक्सेल, दर फ्रेमला ११ पिक्सेलच्या आसपास. चार सेकंदांच्या पॅनला यातून साधारण ११०० पिक्सेल जादा रुंदी लागते, म्हणून चित्र ३०२० रुंद, आणि दोन्हीकडे शंभरेक पिक्सेल राखीव. यापेक्षा बराच वेगवान पॅन हवा असेल तर मोशन ब्लर (हालचालीचा धूसरपणा) लावा, नाहीतर उभ्या कडा ठोके दिल्यासारख्या उडतात.

थरथरण्याची कारणं तीन, आणि तिन्ही वेगवेगळी. पहिलं म्हणजे सारख्या अंतरावरच्या उभ्या रेषा. कुंपणाचे खांब ४० पिक्सेल अंतरावर असतील आणि पॅन दर फ्रेमला २० पिक्सेल सरकत असेल तर खांब आणि मोकळी जागा आलटून पालटून एकाच ठिकाणी येतात, चित्र लुकलुकतं. पॅन दर फ्रेमला ४० चा केला तर खांब चक्क जागच्या जागी उभे दिसतात. उपाय चित्रातच आहे: अंतरं असमान ठेवा, एखादा खांब तिरका, एखादा वेलीने झाकलेला, आणि त्यांचा जमिनीशी असलेला कॉन्ट्रास्ट कमी करा. दुसरं कारण अतिसंथ पॅन. दर फ्रेमला ०.३ पिक्सेल सरकणाऱ्या चित्रात सॉफ्टवेअर आकडा पूर्ण पिक्सेलपर्यंत गोल करत असेल तर तीन-चार फ्रेम काहीच हलत नाही आणि मग एकदम धक्का बसतो. सब-पिक्सेल (पिक्सेलच्या अंशाने होणारी) हालचाल आणि चांगल्या प्रतीचं सॅम्पलिंग चालू आहे ना, ते पाहा. एका पिक्सेलची रेषा अशा पॅनमध्ये चमचम करणारच, म्हणून अंतिम मापात २ ते ३ पिक्सेलपेक्षा बारीक रेषा बॅकग्राउंडमध्ये ठेवू नये. तिसरं कारण चालणाऱ्या पात्राचं. चालीची चित्रं दोन-दोन फ्रेम धरलेली आणि पॅन मात्र प्रत्येक फ्रेमला, असं असलं की टेकलेला पाय जमिनीवर घसरतो-थांबतो, घसरतो-थांबतो. अशा शॉटमध्ये एकतर चाल प्रत्येक फ्रेमला काढा किंवा पॅनही दोन-दोन फ्रेमने सरकवा.

खोलीसाठी चित्र थरांत तोडायचं असेल तर सरकण्याचं प्रमाण अंदाजाने ठरवू नका. सरकणं अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतं. पात्र कॅमेऱ्यापासून ६ मीटरवर आहे आणि त्याचा थर दर फ्रेमला १० पिक्सेल सरकतो असं धरलं, तर ३ मीटरवरची फांदी २० पिक्सेल, १२ मीटरवरचं घर ५ पिक्सेल, ६० मीटरवरची झाडांची रांग १ पिक्सेल आणि आकाश जवळपास शून्य. चार सेकंदांच्या म्हणजे ९६ फ्रेमच्या शॉटला फांदीचा थर साधारण ३८४० रुंद लागेल, घराचा २४००, झाडांचा २०१६. सगळे थर एकाच मापाचे रंगवणं म्हणजे मागे वाया जाणारी मेहनत आणि पुढे कमी पडणारं चित्र.

यात जमीन फसवते. घर आणि झाड हे उभे पडदे मानता येतात, पण जमीन कॅमेऱ्यापासून क्षितिजापर्यंत अखंड पसरलेली असते. तिचे आडवे तुकडे करून वेगवेगळ्या वेगाने सरकवले की जोडावर फट किंवा घसरण दिसते. पात्र ज्या जमिनीवर उभं आहे ती पात्राच्या थराबरोबर बांधून टाका आणि जोड झुडूप, बांध, पायरी किंवा भिंतीच्या तळाने झाका. रस्ता थेट खोलवर जाताना दिसायलाच हवा असेल तर साध्या थ्रीडी पृष्ठभागांवर चित्र प्रोजेक्ट करणं बरं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एक जमीन, दोन भिंती आणि एक मागचा पडदा एवढ्यावर काम भागतं. मात्र कॅमेरा फार वळवू नका. मूळ चित्रात न दिसणारी बाजू उघडी पडली की रंग ताणलेले दिसतात.

क्षितिजरेषा हीच पहिली रेषा

क्षितिजरेषा म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्याची उंची. सपाट जमिनीवर ती सारख्या उंचीच्या सगळ्या माणसांना सारख्याच ठिकाणी छेदते, ती जवळ असोत की दूर. कॅमेरा १.२ मीटरवर आणि पात्र १.६ मीटर उंच असेल तर क्षितिजरेषा त्याच्या तळपायापासून तीन-चतुर्थांश उंचीवर, म्हणजे छातीच्या आसपास येणार. यावरून पात्राचं माप लगेच निघतं: पाय क्षितिजाच्या ३०० पिक्सेल खाली टेकले असतील तर पात्र ४०० पिक्सेल उंच, १५० खाली असतील तर २०० पिक्सेल. लेआउटवर दोन-तीन ठिकाणी अशा उभ्या काठ्या काढून ठेवा. अ‍ॅनिमेटरला त्या काठ्या दिल्या की पात्र दाराएवढं मोठं किंवा खिडकीतून पडेल एवढं लहान होत नाही.

फोटो निवडताना पहिली तपासणी हीच. फोटोत जमिनीला समांतर असलेल्या कडा शोधा, जसं की फरशीच्या रेघा, खिडक्यांचे उंबरे, छपराची कड. त्या वाढवा, त्या जिथे मिळतात तिथून आडवी रेषा जाते. ती तुमच्या लेआउटच्या क्षितिजाशी जुळत नसेल तर तो फोटो त्या शॉटसाठी नाही, रंग कितीही आवडले तरी. थोडा फरक असेल तर सपाट भिंत ताणून बसवता येते, पण खोली असलेली वस्तू, विशेषतः गाडी, खुर्ची, जिना, ताणून बसत नाही. तिचा वरचा पृष्ठभाग किती दिसतो ते डोळ्याच्या उंचीवरून ठरलेलं असतं.

टोन: पात्रासाठी जागा मोकळी ठेवणं

टोन म्हणजे रंग बाजूला ठेवून पाहिलं तर एखादी गोष्ट किती उजळ किंवा किती गडद, एवढंच. तुमच्या पात्राला गडद बाह्यरेषा आहे. बॅकग्राउंडमध्येही तितकाच गडद काळा असेल तर ती रेषा त्यात विरघळते किंवा त्याच्याशी भांडते. म्हणून सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ टोन पात्रासाठी राखून ठेवा. ० ते २५५ च्या मोजणीत सुरुवातीला असा हिशेब धरायला हरकत नाही: मधल्या थरात ४० च्या खाली आणि २१५ च्या वर जाऊ नये, दूरच्या थरात ८० च्या खाली जाऊ नये, अगदी पुढची चौकटीसारखी फांदी किंवा दाराची कड २० पर्यंत गेली तरी चालेल. रात्रीच्या किंवा धुक्याच्या शॉटला हे आकडे बदलतील, पण पात्राला दोन्ही टोकांना थोडी जागा मिळाली पाहिजे हे बदलत नाही.

दूरच्या गोष्टी फिकट करायच्या म्हणून सरसकट पांढरा मिसळू नका. अंतराबरोबर गडद टोन आधी उचलले जातात, उजळ टोन त्यामानाने कमी बदलतात आणि सगळं त्या वेळच्या आकाशाच्या रंगाकडे झुकतं. दुपारी ते निळसर राखाडी असेल, संध्याकाळी तांबूस. पांढरा मिसळलेला डोंगर खडूने पुसल्यासारखा दिसतो.

बारीक कामाचा ताळमेळही इथेच ठरतो. पात्राच्या चेहऱ्यावरची सर्वांत लहान महत्त्वाची खूण, समजा बुबुळ, १२ पिक्सेलची असेल तर पात्राच्या मागे १२ पिक्सेलपेक्षा लहान आणि ठळक कॉन्ट्रास्टचं काहीही असू नये. पानं, खडी, विटांच्या सांध्यांची बारीक रेघ, सगळं तिथे शांत व्हायला हवं. जंगलाच्या बॅकग्राउंडमध्ये हे फार जाणवतं. डिस्नेच्या १९४२ च्या ‘बाम्बी’च्या तयारीत पानन् पान रंगवलेल्या जंगलात हरणं हरवून जात होती. चित्रकार टायरस वाँग यांच्या चित्रांनी वाट दाखवली: तपशील कथेच्या जागेपुरता, बाकीचं जंगल धूसर रंगांच्या वस्तुमानात. ती युक्ती आजच्या स्क्रीनवरही तशीच लागू पडते.

मोठ्या चित्राआधी ४८० × २७० च्या लहान मापात कलर की, म्हणजे रंगांचा छोटा नमुना, करा. पात्राची खरी सपाट रंगांची आकृती त्यातच ठेवा, नुसती राखाडी बाहुली नको. मग ते चित्र काळंपांढरं करून पाहा. पात्राच्या डोक्याची आणि हातांची बाह्याकृती एका नजरेत कळत नसेल तर इथेच दुरुस्त करा. या मापात पाच मिनिटं लागतात, पूर्ण चित्रात अख्खा दिवस जातो. एका प्रसंगातल्या सगळ्या शॉटच्या कलर की शेजारी-शेजारी ठेवल्या की एखादंच चित्र वेगळ्या वेळचं वाटत असेल तर तेही लगेच दिसतं.

कागदावर रंगवताना

कागद ३०० जीएसएमचा घ्या आणि ताणून घ्या: दोन्ही बाजूंनी नीट भिजवायचा, जास्तीचं पाणी निथळू द्यायचं, लाकडी पाटावर ओल्या गमटेपने चारही बाजू चिकटवायच्या आणि आडवा ठेवून पूर्ण वाळू द्यायचा. न ताणलेला कागद मोठ्या वॉशला (पातळ रंगाच्या सपाट थराला) लाटांसारखा उठतो, रंग खळग्यात साचतो आणि पुढे स्कॅनरच्या काचेवर तो सपाट बसत नाही. साध्या पातळ स्कॅनरची स्पष्टतेची खोली फार थोडी असते. काचेपासून दोन-तीन मिलिमीटर उचललेला भाग अंधूक येतो.

पोस्टर कलर आणि गौश (अपारदर्शक जलरंग) वाळल्यावर टोन बदलतात. उजळ मिश्रणं बहुधा थोडी गडद होतात, गडद मिश्रणं उजळ होतात. त्यामुळे ओल्या रंगाकडे पाहून जुळणी करू नका. त्याच कागदाच्या तुकड्यावर पट्टी ओढा, वाळू द्या, मग कलर कीशेजारी धरा. मोठ्या पृष्ठभागाचा रंग वाटतो त्याच्या दुप्पट कालवा आणि झाकणाच्या डबीत ठेवा. अर्ध्यात संपलेला रंग पुन्हा अगदी तस्साच कालवता येत नाही, आणि पॅनमध्ये तो जोड सरकताना स्पष्ट दिसतो.

आकाशाला घाई आणि संयम दोन्ही लागतात. आधी सगळे रंग कालवून ठेवा. कागद स्वच्छ पाण्याने एकसारखा ओला करा, वरची चमक उतरायला लागली की दोन इंची चपट्या ब्रशने वरून गडद रंग आडवा ओढत खाली उजळ रंगात न्या. शेवटी स्वच्छ, जवळपास कोरडा ब्रश हलक्या हाताने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवा आणि थांबा. चमक पूर्ण गेल्यावर परत ओला ब्रश टेकवला की फुलकोबीसारखा डाग उमटतो, तो झाकता येत नाही. ढग ओल्यातच उठवायचे असतील तर त्याच वेळी. कडक कडेचे ढग पूर्ण वाळल्यावर घट्ट रंगाने. पुढे क्रम दुरून जवळ असाच: डोंगर, मधली झाडी, घर, मग जवळचं. उजेडाचे शेवटचे फटकारे कोरड्या ब्रशने, आणि तेही लेआउटवर ठरलेल्या दिशेनेच.

पात्राच्या पुढे येणारी फांदी, कठडा, दाराची कड वेगळ्या कागदावर रंगवा. हा कागद पांढरा ठेवू नका. आधी त्यावर मधल्या टोनचा, पाठीमागच्या चित्राच्या जवळचा थर द्या. पांढऱ्यावरून कापलेल्या पानांना पांढरी किनार राहते आणि गडद पार्श्वभूमीवर ती लखलखते.

स्कॅन ३०० डीपीआयला केला तर १२ इंच रुंद चित्राचे ३६०० पिक्सेल मिळतात. फोरकेसाठी ४०० डीपीआय घ्या. १६ बिट निवडा (रंगांच्या पायऱ्या जास्त मिळतात), आपोआप उजळ करणं, धारदार करणं, रंग सुधारणं, सगळं बंद. कडेला राखाडी रंगाची एक पट्टी ठेवून स्कॅन केलं तर वेगवेगळ्या दिवशीचे स्कॅन एकमेकांशी जुळवता येतात. चित्र मोठं असल्यामुळे दोन भागांत स्कॅन करावं लागलं तर ३-४ सेंटिमीटर सामाईक भाग ठेवा आणि कागद उलटा फिरवू नका. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने तिरका पडतो, त्यामुळे कागदाच्या दाण्यांच्या सावल्या एका दिशेला पडतात. १८० अंशात फिरवलेल्या अर्ध्यात त्या उलट्या पडतात, आणि रंग तंतोतंत जुळूनही जोड का दिसतो ते कळत नाही.

फोटोवरून करताना

शक्य तिथे फोटो स्वतः काढा. ट्रायपॉडची उंची लेआउटमधल्या डोळ्याच्या उंचीएवढी, कॅमेरा समतल म्हणजे उभ्या भिंती उभ्या राहतात. फुल फ्रेमच्या हिशेबात ३५ ते ५० मिलिमीटरची लेन्स, एफ ८ च्या आसपास, आयएसओ १००, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद), एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवलेले. २४ पेक्षा रुंद लेन्समध्ये कडेच्या वस्तू ताणल्या जातात आणि त्यांच्याशेजारी सरळ उभं पात्र परकं दिसतं. लांबलचक भिंत हवी असेल तर एका जागी उभं राहून पॅनोरमा काढू नका, त्यात सरळ कडा वाकतात. भिंतीला समांतर चालत, सारख्या अंतरावरून तुकडे घ्या. हे सपाट गोष्टींनाच जमतं; पुढे झाड किंवा खांब आला की तुकड्यांत त्याची जागा बदलते, म्हणून तो वेगळा घ्या.

उजेडाच्या बाबतीत माझं ठाम मत आहे: पोतासाठी आणि इमारतींसाठी ढगाळ दिवसाचे फोटो घ्या. भर उन्हातला फोटो पाहायला आकर्षक असतो, पण त्यातली सावली कोरलेली असते. सकाळच्या शॉटला डावीकडून उजेड हवा आणि फोटोतली पागोळीखालची सावली माध्यान्हीची, तर ती पुसून काढण्यात अर्धा दिवस जातो आणि तरी खूण राहते. फोटो आडवा उलटवणं हा सोपा मार्ग वाटतो, पण पाट्यांवरची अक्षरं, घड्याळं आणि गाड्यांची स्टिअरिंगही उलटतात. ढगाळ फोटोवर उजेड आपल्याला हवा तसा रंगवता येतो: एक मल्टिप्लाय (खालचं चित्र गडद करणारा) लेयर निळसर जांभळ्या सावलीसाठी, लाल-हिरवा-निळा १४०-१४०-१८५ च्या आसपास, आणि एक सॉफ्ट लाइट लेयर उबदार उजेडासाठी, ३०-४० टक्के अपारदर्शकतेने. सावलीची कड वस्तू जमिनीला टेकते तिथे धारदार आणि दूर जाईल तशी मऊ. ही एक गोष्ट नीट केली की फोटोचा तुकडा चित्रात बसायला लागतो.

दुसऱ्याचा फोटो वापरायचा असेल तर परवाना वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) परवान्यांपैकी सीसी झीरोवर बंधन नाही. सीसी बायला श्रेय द्यावं लागतं. एनसी असेल तर व्यावसायिक कामात चालत नाही. एनडी असेल तर फोटो बदलून वापरलेलं काम प्रसिद्ध करता येत नाही, म्हणजे आपल्या कामाला निरुपयोगी. एसए असेल तर बनलेलं चित्रही त्याच अटींवर द्यावं लागतं. सर्चमध्ये दिसला हा परवाना नव्हे. प्रत्येक तुकड्याचं मूळ पान, छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना एका तक्त्यात त्याच दिवशी नोंदवा. ओळखू येणारे चेहरे, गाड्यांचे नंबर, बोधचिन्हं, भिंतीवरची कुणाची चित्रं आधीच काढून टाका.

आता कामाचा क्रम. लेन्सची विकृती सुधारा, मग उभ्या-आडव्या रेषा लेआउटवर बसवा. रॉ मध्येच नॉइज, म्हणजे बारीक दाणा, काढून टाका. फोटोतला दाणा स्थिर चित्रात गोठून राहतो आणि पात्र मात्र स्वच्छ असतं, हा फरक डोळ्याला खुपतो. दाणा हवाच असेल तर तो कंपोझिटिंगच्या (सगळे थर एकत्र करण्याच्या) शेवटी, पात्रासकट सगळ्यावर, प्रत्येक फ्रेमला बदलणारा. त्यानंतर फोटो अंतराप्रमाणे थरांत कापा. लेव्हल्समधल्या आउटपुट काळ्याने मधल्या थराचा काळा ४० पर्यंत आणि दूरच्या थराचा ८०-९० पर्यंत उचला, सॅच्युरेशन साधारण पाव हिश्शाने उतरवा. फोटोतल्या सावल्यांचा शुद्ध काळा तसाच राहिला तर बाकी सगळं जुळवूनही फोटो फोटोच दिसतो.

मग तपशील कमी करणं. ३८४० रुंदीच्या चित्रात बारीक तपशील पुसणारा मीडियन फिल्टर ४ ते ८ पिक्सेल, किंवा सरफेस ब्लर, ही फक्त सुरुवात. इथेच थांबलेलं काम लगेच ओळखू येतं, कारण फिल्टर जवळच्या दगडावर आणि दूरच्या डोंगरावर सारख्याच मापाचा फटकारा मारतो. माणूस तसं रंगवत नाही. म्हणून प्रत्येक थराला फिल्टरचं माप वेगळं द्या आणि त्यावर हाताने रंगवा.

एक झाड घ्या. फोटोतल्या झाडात हजारो पानं, मध्ये-मध्ये आकाशाचे पांढरे ठिपके, कडेला कॅमेऱ्याची जांभळी किनार. आधी आकाशाचे लहान ठिपके बुजवा, मोठी तीन-चार भोकंच ठेवा. मग झाडाचे उजळ, मधला आणि गडद असे तीनच टोन करा, प्रत्येक टोनचा रंग फोटोतूनच उचला आणि रुंद ब्रशने पानांचे गुच्छ म्हणून मांडा. बाह्याकृतीवर आठ-दहा ठिकाणी पानांचे स्पष्ट आकार काढा, तेही उजेडाच्या बाजूला जास्त. आतल्या भागात फोटोचा पोत २०-३० टक्के अपारदर्शकतेने झिरपू द्या. खोडाची कड एका बाजूला धारदार, दुसऱ्या बाजूला हरवलेली. एवढं केलं की झाड चित्रातलं होतं आणि फोटोने दिलेला खरेपणाही टिकतो. कडा हाताने घेणं कधीच टाळू नका. चित्र रंगवलेलं आहे की फोटो आहे, हे प्रेक्षक आतल्या पोतापेक्षा कडांवरून ओळखतो. आकाश तर फोटोतून घेऊच नये. ते रंगवायला सोपं आहे, आणि फोटोतलं घर आणि सपाट पात्र यांना एका उजेडात बांधणारी गोष्ट म्हणजे हे रंगवलेलं आकाशच.

तुमच्या फिल्ममध्ये कागदावरची आणि फोटोवरची दोन्ही बॅकग्राउंड आहेत. त्यांना एकत्र आणायला स्कॅन केलेल्या कोऱ्या कागदाचा पोत फोटो-बॅकग्राउंडवर १०-१५ टक्क्यांनी टाका, आणि तुम्ही कागदावर ओढलेले ब्रशचे खरे फटकारे स्कॅन करून डिजिटल ब्रश म्हणून वापरा. कागदाचा पोत चित्राबरोबर सरकला पाहिजे. तो पडद्यावर स्थिर राहिला आणि चित्र मागून सरकलं तर मळक्या काचेतून पाहिल्यासारखं वाटतं.

लेयर देताना

प्रत्येक थराच्या मागचं चित्र पूर्ण रंगवलेलं असावं. पुढचा थर जितका सरकणार त्यापेक्षा ३०-४० पिक्सेल जास्त. कापलेल्या कडांना पांढरी किंवा काळी किनार दिसत असेल तर दोन शक्यता: कापताना मूळ पार्श्वभूमीचा रंग कडेत राहिला, किंवा अल्फाचा (पारदर्शकतेच्या माहितीचा) अर्थ लावण्यात गडबड झाली. एका सॉफ्टवेअरने प्रीमल्टिप्लाइड (रंग पारदर्शकतेने आधीच गुणलेले) म्हणून दिलेली फाइल दुसऱ्याने स्ट्रेट (न गुणलेले) म्हणून वाचली की अशी किनार उमटते. फाइल परत रंगवायला घेण्याआधी इम्पोर्टची सेटिंग बदलून पाहा.

मल्टिप्लाय, ओव्हरले असे ब्लेंड मोड दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जसेच्या तसे उतरतील याचा भरवसा नाही. प्रत्येक थर शक्यतो नॉर्मलमध्ये सपाट करून द्या, काम केलेली फाइल वेगळी जपा. दिवे, खिडकीतला प्रकाश आणि सावली मात्र सुटे ठेवा. कंपोझिटरला दिवा लुकलुकवता येतो आणि त्याच जागेचा रात्रीचा शॉट काढता येतो. रात्र करताना नुसता निळा मल्टिप्लाय पुरत नाही. टोनचा पल्ला आवळा, रंग उतरवा आणि उजेड जिथे पडतो तेवढ्याच जागी रंग परत जिवंत करा. लांब पॅनची फाइल ३०,००० पिक्सेलच्या किंवा २ जीबीच्या पुढे गेली तर फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाइल चालत नाही, मोठ्या मापाची पीएसबी करावी लागते.

राहिले आकाशातले पट्टे. ८ बिटमध्ये प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या असतात. तुमचं आकाश ८०० पिक्सेल उंचीत १८० पासून २०० पर्यंतच उजळत असेल तर मध्ये वीसेक पायऱ्याच मिळतात आणि प्रत्येक पायरी ४० पिक्सेलची पट्टी होऊन दिसते. १६ बिटमध्ये रंगवा, ८ बिटमध्ये नेताना १ ते दीड टक्का नॉइज टाका आणि रंग बदलताना ब्रशचा पोत राहू द्या. आधीच ८ बिटमध्ये रंगवलेली फाइल नंतर १६ बिट केली तर गेलेल्या पायऱ्या परत येत नाहीत. त्या आकाशावर वेगळ्या ब्रशने थोडा रंगबदल करावा लागतो. शेवटचा घात एच.२६४ या व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीचा कमी बिटरेट (दर सेकंदाला मिळणारा डेटा) करतो, कारण तो हा बारीक नॉइजच आधी पुसतो. त्यामुळे पट्टे दिसले की पहिल्यांदा मूळ फ्रेम उघडून पाहा. तिथे नसतील तर रंगकामाला हात न लावता बिटरेट वाढवा, किंवा सोय असेल तिथे १० बिटमध्ये एक्स्पोर्ट करा.